सर्वपित्री झाल्यावर बघू

मी आळशी माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आळशी असतो तर बरं झालं असतं, आळशाच्या हाती कुणी काही सोपवत नाही. मी त्याहून वाईट जातीचा. मला कारणं फार छान सुचतात.

शरदकाका माझे सख्खे काका नव्हेत. दुर्गाघाटावर त्यांचं घर, दूधविनायकावर आमचं, मध्ये तीन गल्ल्या आणि एक कायम बसलेला सांड. त्यांच्या घराण्यात तीर्थोपाध्येपण आहे. सातारा-कराडकडचे लोक काशीला आले की उतरायचे त्यांच्याकडे, श्राद्ध-पिंडदान व्हायचं त्यांच्या हातून, आणि शेवटी वहीत नोंद व्हायची: कोण आलं, कुणाचं कार्य केलं, बापाचं नाव, आज्याचं नाव, गाव, खाली यजमानाची सही. अशा बेचाळीस वह्या. दोन वर्षांपूर्वी वाळवी लागली म्हणून काका घाबरले, तेव्हा मीच उत्साहानं म्हटलं, काका, सगळं कॉम्प्युटरवर घेऊन टाकू. पानं स्कॅन केली, नावं टाइप करवली, यजमानांना घरबसल्या आपली नोंद बघता यावी आणि घरचे जुने कागद एकत्र बांधून आपल्याकडे पाठवता यावेत, अशी सोय केली. काका गल्लीत सगळ्यांना सांगत सुटले की आमच्या विशूनं वह्यांना अमर केलं. मी मान खाली घालून ऐकायचो, पण मनातून फुगायचो.

हे सगळं चाललं होतं माझ्याच टूलवर. पोटासाठी मी बंगळुरूच्या एका कंपनीचं काम घरून करतो, पण माझी स्वतःची म्हणावी अशी एकच वस्तू आहे, 'गठरी'. एखादा प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान एका बंद डब्यात बांधायचं, म्हणजे तो डबा कुठल्याही कॉम्प्युटरवर ठेवला तरी चालतो. त्या डब्याला कंटेनर म्हणतात. गठरी असे डबे बांधते, चालवते, बाहेरून आलेले गठ्ठे त्यांत उघडून ठेवते. फुकट आहे, शे-दीडशे ठिकाणी वापरतात. मी आणि नागपूरची संपदा असे दोघंच ती सांभाळतो. आम्ही एकमेकांना प्रत्यक्ष कधी पाहिलेलं नाही, पण कामात तिच्याइतकं सरळ माणूस मला दुसरं भेटलेलं नाही.

आता गठरी मी लिहिली म्हणजे सगळी मी लिहिली असं नव्हे. सगळं पीठ घरी कोण दळतं? दुसऱ्यांनी लिहिलेले तयार तुकडे आपण घेतो, त्यांना लायब्रऱ्या म्हणतात. गठरीत असे एकसष्ट तुकडे आहेत. एखाद्यात भोक सापडलं की त्याला जगभरासाठी एक नंबर पडतो, ज्यानं तो तुकडा लिहिला तो दुरुस्त आवृत्ती काढतो, आणि आपण ती आपल्या गठरीत घ्यायची. यात कारागिरी काही नाही. रोज तुळशीला पाणी घालण्यासारखं काम आहे, आणि तेवढंच कंटाळवाणं.

पितृपक्ष सुरू व्हायच्या आदल्या दिवशी अशी सूचना आली. गठ्ठा उघडणाऱ्या तुकड्यात भोक होतं. कुणी मुद्दाम वाकडा बांधलेला गठ्ठा पाठवला, तर तो उघडताना डब्याबाहेर हात काढून थेट घरातल्या कपाटापर्यंत पोचू शकत होता. पुढे लिहिलं होतं: गंभीर. संध्याकाळच्या आत संपदानं बदल तयार करून पाठवला. तू फक्त तपास आणि हो म्हण, असं तिनं लिहिलं.

मी तपासलं. दुरुस्त तुकडा घातल्याबरोबर काकांच्या वह्यांमधला नावांचा शोध बंद पडला. का बंद पडला हे मी बघितलंच नाही. दोन-तीन दिवसांचं लचांड आहे, असं बसल्या बसल्या ठरवून टाकलं. आणि पितृपक्ष म्हणजे तर काकांचा हंगाम, दिवसभर यजमानांचे फोन, नावं शोधायची, गोत्रं सांगायची. मला वाटलं, आत्ता नको.

इथपर्यंतही चाललं असतं. पण आपला आळस आपल्या नावावर कोण ठेवतो? मी उठलो आणि काकांकडे गेलो. खरं तर त्यांना विचारायचं काही कारण नव्हतं, त्यांना यातलं काय कळणार? मला 'नको' हवं होतं, आणि ते दुसऱ्याच्या तोंडून हवं होतं. काका दर्भ निवडत बसले होते. मी म्हटलं, कॉम्प्युटरमध्ये एक बदल करायचाय.

काकांनी विचारलं, "नवं काही आहे का रे?"

"हो, नवीनच आहे," मी म्हणालो.

"मग पितृपक्षात नको बाबा. सर्वपित्री होऊ दे."

पितृपक्षात नवं काही आरंभत नाहीत, हे बनारसमधलं शेंबडं पोरही जाणतं. पण छप्पर गळायला लागलं तर पितृपक्षातही कौल बसवतातच, आणि हे कौलच होतं. मी तसं सांगितलं असतं तर काका म्हणाले असते, मग बसलायस काय, आधी कर. म्हणूनच तसं सांगितलं नाही.

घरी येऊन मी तो नंबर 'ही सूचना पुन्हा दाखवू नये' या यादीत टाकला. तिथं कारण लिहावं लागतं. मी लिहिलं: सर्वपित्री झाल्यावर बघू. संपदाला ते वाचून हसू आलं. अस्सल काशीकर आहेस, असं म्हणाली, आणि माझ्यावर सोडून मोकळी झाली.

सर्वपित्री झाली. मग नवरात्र, दसरा, दिवाळी, कार्तिकी पौर्णिमेची देवदिवाळी. सूचना मीच गप्प केलेली, ती कशाला ओरडेल? विसरलो असं म्हटलं तर ते खोटं होईल. मला दोनदा आठवलं होतं. दोन्ही वेळा मी चहा पीत होतो, आणि दोन्ही वेळा चहा संपवून दुसऱ्या कामाला लागलो.

मार्गशीर्षात एका सकाळी प्रेमलाकाकूंचा, म्हणजे काकांच्या बायकोचा, फोन आला, ताबडतोब ये. गेलो तर काका ओसरीवर बसलेले, हातात फोन, तोंडावर रक्त नाही. कराडच्या लीलाताईंचा फोन येऊन गेला होता. लीलाताईंचा एकुलता एक मुलगा मोहन तीन वर्षांपूर्वी मोटरसायकलच्या अपघातात गेला. त्याचं सगळं कार्य काकांनी केलं होतं. लीलाताईंनी काकांना विचारलं होतं, गुरुजी, मोहनचं कार्य अपुरं राहिलं हे तुम्ही मला तीन वर्षं का सांगितलं नाहीत?

झालं होतं असं. महिन्यापूर्वी त्यांना एका माणसाचा फोन आला, शरदगुरुजींकडून बोलतोय म्हणून. चांगलं मराठी बोलत होता. त्यानं मोहनचं नाव सांगितलं, त्याच्या वडिलांचं, आजोबांचं, पणजोबांचं, गोत्र, कार्याची तिथी, कोणत्या पानावर लीलाताईंची सही आहे तेसुद्धा. मग म्हणाला, पिंडात दोष राहिलाय, मुलगा अडकलाय, पुन्हा विधी करावा लागेल. त्या बाईनं पाटल्या मोडून रक्कम पाठवली. नंतर तो फोन बंद. पाटल्या गेल्या त्याचं तिला काही नव्हतं. तिच्या डोक्यात एकच बसलं होतं: मुलगा उपाशी आहे. तेव्हापासून तिनं अन्न सोडलं होतं. चहा आणि एखादं केळं, एवढ्यावर होती. काकांनी परोपरीनं सांगितलं की कार्य पूर्ण झालंय. ती म्हणाली, तोही तुमच्याच नावानं बोलत होता, आता मी कुणाचं खरं मानू? आणि तिनं फोन ठेवला.

"वहीशिवाय हे कुणाला कळणार?" काका मला विचारत होते. "माझ्या घरातून गेलं, विशू. कुणाला दाखवली मी वही?"

मला तिथंच कळलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं. घरी येऊन मी सगळ्या नोंदी तपासल्या. कार्तिकात, देवदिवाळीच्या दोन दिवस आधी, कुणीतरी जुन्या कागदांच्या नावाखाली एक वाकडा गठ्ठा पाठवला होता. त्याच भोकातून तो आत शिरला आणि बेचाळीसच्या बेचाळीस वह्या उचलून घेऊन गेला. त्याच दुपारी मी संपदाचा बदल घेतला, शोध दुरुस्त केला, गठरीची नवी आवृत्ती काढली, वापरणाऱ्या सगळ्यांना कळवलं. बैल गेला नि झोपा केला. सायबर पोलिसांकडे तक्रार केली, बाकीच्या यजमानांना सावध करणारे निरोप पाठवले.

मग काकांना सांगायला गेलो. चोरी कॉम्प्युटरमधून झाली, असं सांगितलं. एक भोक होतं, ते बुजवायची दुरुस्ती आलेली होती, ती घालायची राहिली, असं सांगितलं. 'राहिली' म्हणालो. जशी काही ती आपली आपणच राहिली.

 काकांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "पितृपक्षात तू विचारायला आला होतास, तेच का हे?"

मी मान हलवली.

"म्हणजे मीच नको म्हणालो," काका म्हणाले. "मीच थांबवलं तुला."

त्या वेळी मला फक्त तोंड उघडायचं होतं. चोरी सर्वपित्रीनंतर जवळजवळ दीड महिन्यानं झाली, एवढं एक वाक्य पुरलं असतं. मी ते बोललो नाही. खाली बघत बसलो, आणि काकांनी माझी चूक उचलून आपल्या अंगावर घेतली. आणि खरं सांगू? त्या क्षणी मला हलकं वाटलं. त्या हलकेपणाची मला आजही शिसारी येते.

चार दिवसांनी काकू आमच्या घरी आल्या. काका घाटावर बसत नाहीत, म्हणाल्या. यजमान आले तर दुसऱ्या उपाध्यांकडे पाठवतात. माझ्या अडाणीपणामुळे एका आईचं अन्न तुटलं, मी कोणत्या तोंडानं कुणाच्या बापाचे पिंड पाडू, असं म्हणतात. रात्रंदिवस एकच, मी नको म्हणालो, मी नको म्हणालो. तू शिकलेला आहेस, तू समजाव त्यांना, तुझं ऐकतील. माझ्यासाठी त्यांनी डब्यात मुगाचे लाडू आणले होते. तो डबा मी उघडलाच नाही.

मी त्यांच्याबरोबरच निघालो. वाटेत गल्लीत तीनदा वाटलं की मागे फिरावं. काका देवघरासमोर बसले होते. मी बसलोच नाही. बसलो असतो तर पुन्हा काहीतरी छान सुचलं असतं.

"काका, ते नवं नव्हतं," मी म्हणालो. "ती दुरुस्ती होती. मी मुद्दाम नवीन म्हणालो, कारण तुम्ही नको म्हणाल हे मला ठाऊक होतं. आणि चोरी पितृपक्षात झालीच नाही. कार्तिकात झाली. सर्वपित्रीनंतर मला कुणी अडवलं नव्हतं."

काकू भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मला वाटलं काका आता हाकलून देतील. तेच मला हवंही होतं. पण काकांनी एवढंच विचारलं की हे आणखी कुणाला ठाऊक आहे. मी म्हटलं, संपदाला आज सकाळी सांगितलं, आणि गठरी वापरणाऱ्यांच्या सूचनेतही माझ्या नावानिशी लिहिलं. संपदानं उत्तरात एकच ओळ पाठवली होती: 'मीही हसून सोडून दिलं.' तिचा काडीचा दोष नव्हता.

"मग तिला सांग," काका म्हणाले. "लीलाला. आत्ता, माझ्यासमोर."

मी फोन लावला. लीलाताईंच्या पुतण्यानं उचलला, कुरकुर करत त्यांना दिला. मी सगळं सांगितलं, माझं नाव, माझी चूक, चोरानं वह्या कशा नेल्या, मोहनच्या कार्यात काहीच कमी नव्हतं.  आवाज अगदी बारीक झाला होता लीलाताईंचा.

"बाळा, तो माणूसही असंच सगळं नीट सांगत होता," त्या म्हणाल्या. "तूच खरा कशावरून?"

 मी सांगू शकत होतो ते सगळं, नाव, गोत्र, तिथी, पान, चोरालाही ठाऊक होतं. मीच ते त्याला दिलं होतं. काकांशी व्हिडिओवर बोला, म्हटलं, तर मागून पुतण्या ओरडला की हल्ली चेहरेही खोटे करतात, बंद कर तो फोन. फोन बंद झाला. पुन्हा लावला तर लागेना, नंबर अडवून टाकला होता.

काका उठले आणि काकूंना म्हणाले, माझी पिशवी भरा, मी कराडला जाऊन येतो.

हे ज्यांना साधं वाटेल त्यांना एक सांगायला हवं. आठ वर्षांपूर्वी, सत्तरी झाल्यावर, काकांनी क्षेत्रसंन्यास घेतला होता. म्हणजे पंचक्रोशीची हद्द मरेपर्यंत ओलांडायची नाही. काशीत मरण आलं की सुटका, हा त्यांचा विश्वास, आणि मरण कधी येईल ते कळत नाही म्हणून एक दिवससुद्धा बाहेर पडायचं नाही. सख्ख्या भाचीच्या लग्नाला पुण्याला गेले नव्हते. मोठा भाऊ प्रयागच्या हॉस्पिटलात वारला, दोन तासांची वाट, तरी गेले नव्हते.

मी गयावया केली. मी एकटा जातो, वही घेऊन जातो, पाया पडतो, म्हटलं. काका म्हणाले, तुला ती ओळखते का? वहीचं पान चोराकडेही आहे. तिनं समोर बसून पाहिलेलं असं एक माझं तोंडच उरलंय.

"तुमचा एवढ्या वर्षांचा नेम," माझ्या तोंडून निघालं.

"नेम माझा आहे," काका म्हणाले. "उपाशी ती आहे."

काकूंनी पिशवी भरली. माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत, निघतानाही नाही. ते मला चाललं असतं, पण लाडूंचा आणखी एक डबा त्यांनी प्रवासासाठी माझ्याच हातात दिला, ते सोसलं नाही.

दुपारच्या गाडीनं निघालो. राजातालाब स्टेशन मागे पडलं, इथं हद्द संपते, तेव्हा काकांनी डोळे मिटले आणि बराच वेळ त्यांचे ओठ हलत होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. पुण्यापर्यंत गाडी, पुढे बस. कराडला पोचलो तेव्हा उन्हं उतरत होती.

दार लीलाताईंनीच उघडलं. गळ्याची हाडं वर आलेली, लुगडं अंगावर लोंबत होतं. त्यांनी आधी मला पाहिलं, मग काकांना, आणि चौकट धरून तशाच उभ्या राहिल्या. काकांच्या नेमाची त्यांना माहिती होती, काशीला आल्या तेव्हा काकूंनीच सांगितलं असणार.

"गुरुजी, काशी सोडून आलात?"

"मोहनचे पिंड मी या हातांनी दिले," काका म्हणाले. "काही राहिलेलं नाही. आता तू जेव."

बाई खाली बसल्या आणि पदर तोंडात धरून रडल्या. मग उठून चूल पेटवावी तशा घाईनं गॅस लावला, पिठलं-भात केला, काकांना वाढलं आणि काकांसमोर बसून स्वतः जेवल्या. चार घास, पण जेवल्या. मी सांगितलं, फोनवर बोललो तो मीच, हे सगळं माझ्यामुळे झालं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या पानात भात वाढला. शिव्या दिल्या असत्या तर मी भात गिळू शकलो असतो.

दुसऱ्याच दिवशी परतीची गाडी धरली. काकांना घाई झाली होती. वाऱ्यानं की दगदगीनं, त्यांना खोकला लागला, आणि सकाळपर्यंत अंग तापलं. गाडी जबलपूरच्या अलीकडे दोन तास उभी होती. मी गोळी दिली, अंगावर शाल घातली. त्यांनी माझं मनगट धरलं. हात चटका बसेल इतका गरम होता.

"वाटेत काही झालं तर मला मध्ये उतरवू नकोस," ते म्हणाले. "कसंही कर, पण हद्दीत ने."

मी म्हटलं, काही होणार नाही काका. आणि मी खिडकीकडे वळलो. जरा वेळानं त्यांनी विचारलं की ते भोक बुजवलं का. बुजवलं, म्हटलं, त्याच दिवशी बुजवलं.

"किती दिवस लागले रे त्याला?"

खोटं बोलायची मला केवढी इच्छा झाली, काय सांगू. दोन दिवस म्हटलं असतं तरी त्यांना खरं वाटलं असतं.

"वीस मिनिटं, काका."

काकांनी शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली, थोडे खोकले. मग डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, राजातालाब यायला अजून किती वेळ आहे. मी फोनवर पाहिलं आणि सांगितलं, गाडी आत्ता सुटली तर नऊ तास.